रानांतला पळस, घरांतला हिरडा

फाल्गुन सरतां सरतां मंचर-घोडेगावच्या वाटेनें भीमाशंकरास जाणाऱ्यास पळस शोधावा लागत नाहीं. अंगावर पान नाहीं आणि सारें झाड केशरी पेटलेलें! यंदा आम्ही त्या वाटेनें निघालों तें देवदर्शनास खरेंच. परंतु बरोबर चार हात मऊ सुती कापड, तुरटीचा खडा व एक पातेलें घेतलें होतें. वैशाखांत घरांत पाळणा हलावयाचा होता, आणि बाळाची कुंची पळसाच्या रंगाची करावी असें आमच्या मनानें घेतलें होतें. रंगपंचमीस आजी हाच रंग करीत, एवढ्या आठवणीवर सारी भिस्त!

डिंभ्याच्या पुढें एका वाडींत परिचयाच्या घरीं उतरलों. बांधावरच्या पळसाखालीं पडलेलीं फुलें वेंचलीं, उकळलीं, गाळलीं. रंग मधासारखा पिवळा. चिमूटभर पापडखार पडतांच तो शेंदराकडे झुकला. वर तुरटीही टाकली. अर्धें कापड बुडवून सावलींत वाळविलें, तेव्हां आमचा आनंद गगनांत मावेना. संध्याकाळीं तें ओढ्यावर धुतलें मात्र, बहुतेक सारा रंग पाण्याबरोबर गेला!

घरच्या मावशी हें कौतुकानें पाहत होत्या. महादेव कोळ्यांचें तें घर. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणें हा त्या बाजूचा नेहमींचा उद्योग. त्या हंसून म्हणाल्या, "ताई, कोरं फडकं रंग कसा धरंल? आधी हिरडा पाजा त्याला."

त्यांच्या बोलण्यांत सारें मर्म होतें. लोंकर व रेशीम तुरटी सहज धरतात. सुताचा तंतू ती नीट धरीत नाहीं. हिरड्यांतील तुरट द्रव्य प्रथम धाग्यास चिकटतें, त्यावर तुरटी बसते आणि तुरटीवर रंग. उरलेल्या कापडास त्याच्या वजनाच्या पंचमांश हिरडापूड रात्रभर पाजली. न धुतां वाळवून तें तुरटीच्या पाण्यांत ठेविलें, आणि मग पळसाच्या पाण्यांत मंद आंचेवर दोन घटका शिजविलें. या खेपेस तीन धुण्यांनंतरही हळदुवा केशरी रंग राहिला. उन्हानें तो उतरतो, म्हणून असें वस्त्र सावलींतच वाळवावें.

पुढें घाटांत एका जाळींत मंजिष्ठेची वेल दिसली. तिच्या मुळांचा तांबडा रंग पळसाहून कितीतरी पक्का. परंतु मूळ खणावें तर वेलच जाते, आणि १९८५ पासून भीमाशंकरचें रान अभयारण्य आहे. डोळे भरून पाहिली आणि पुढें निघालों.

परततांना मनांत एकच विचार घोळत होता. १८५६ सालीं पर्किननें कृत्रिम जांभळा रंग काढला, १८९७ सालीं जर्मनींत केलेली नीळ बाजारांत आली, आणि रंगाऱ्यांची जुनी विद्या मागें पडली, हें आपण वाचतों. पण आमच्या घरीं हिरडा अपरिचित का होता? आजीच्या बटव्यांत तो नेहमींच असे. पणजोबांच्या पोथ्यांची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांचीच. रंगपंचमीचा रंग तर धुऊन जाण्यासाठींच केलेला! टिकाऊ रंगाची किल्ली घरांतच पडून होती, आणि आम्ही मात्र फुलाची आठवण तेवढी जपून ठेविली होती.

कुंची आतां शिवून तयार आहे. ओढ्यावर फिकें पडलेलें कापडही टाकलें नाहीं. त्याचेंच तिला अस्तर लाविलें आहे.