समेची जागा

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरशी माझं जमेनासं झालं. चित्र लख्ख दिसायचं, पण फोकस नेमका लागलाय का, हे छातीठोकपणे सांगता येईना. या कॅमेऱ्यांचे स्क्रीन ऑटोफोकससाठी उजळ केलेले असतात. मोठ्या अ‍ॅपर्चरला फोकसची खोली असते त्यापेक्षा जास्त दिसते. माझ्यासारख्या हातानं रिंग फिरवणाऱ्याची त्यात पंचाईत.

मी गाण्याच्या मैफिलींचे फोटो काढतो आणि माझी लेन्स एकच: निकॉनची जुनी १०५ एमएम f/२.५. तिच्यासाठी मिररलेस बॉडी शोधायची होती. आरसा गेल्यामुळे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर आक्रसलं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटला ते ४६.५ मिलिमीटर, झेड माउंटला १६. मधले ३०.५ मिलिमीटर एका पोकळ नळीनं भरून निघतात, काच घालावी लागत नाही. कॅननच्या एफडी लेन्सवाल्यांचं भाग्य तर यामुळेच उजळलं. १९८७ साली कंपनीनं माउंट बदललं, नव्याचं अंतर ४४ आणि एफडीचं ४२. त्या दोन मिलिमीटरांपायी उत्तम लेन्स वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिल्या.

सोनीची ए७ मालिका मी वापरून पाहिली. रेंजफाइंडरच्या जुन्या वाइड लेन्स असतील तर सेन्सरवरच्या काचेची जाडीही बघावी लागते, कारण तिरप्या किरणांमुळे कडा विरघळतात. माझ्या १०५ला तो त्रास नाही. शेवटी निकॉनचाच झेडएफ घेतला. हातात धरल्यावर निकॉनचा जुना फिल्म कॅमेरा एफएम२ आठवतो, हे त्यामागचं खरं कारण, आणि ते मला लपवायचं नाही. १९८४ साली स्टीव्ह मॅकरीनं पेशावरजवळच्या छावणीत अफगाण मुलीचा फोटो काढला तो एफएम२ आणि १०५ f/२.५वर. ग्रीनरूममध्ये एखादा जाणकार लेन्सकडे बघून तो विषय काढतो तेव्हा माझी छाती फुगते. दरवेळी फुगते.

आता मूळ दुखणं. दहा फुटांवरून f/२.५ला फोकसची खोली जेमतेम चार-पाच इंच. आलापीत गवई त्याहून जास्त डोलतो. पीकिंग लावलं की फोकसमधल्या कडा लाल होतात, असं म्हणतात. प्रत्यक्षात लाल होतो माइक. त्या गोल जाळीइतका ठळक कॉन्ट्रास्ट गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर कुठेच नसतो. मग कुर्त्याची जर, तानपुऱ्याच्या तारा. मिटलेली पापणी सगळ्यांत शेवटी. त्यात उजेड कमी असला की फाइंडर आपणहून चित्र उजळवतो, दाणे येतात, आणि त्या दाण्यांवरही लाल ठिपके नाचायला लागतात. मोठं करून बघावं तर एक डोळा पडदाभर होतो, भुवईचा केसन् केस दिसतो. पण गवई जरा कलला की हाती नुसता कान, आणि चौकटीत काय चाललंय त्याचा पत्ताच नाही.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी म्हणाली, “सर, ऑटोफोकसची ८५ घ्या ना. डोळा आपोआप धरते.” धरते, खरंच धरते. पण रंगात आलेला गवई डोळे मिटतो, चेहऱ्यासमोर हात नेतो, मान फिरवतो; तेव्हा कॅमेरा डोळा सोडून बोटं धरतो.

मी डोळ्याच्या मागे धावणं सोडलंय. डोलण्यालाही लय असते. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं. त्यात गवई कुठेही जाऊ दे, समेला मान पुष्कळदा त्याच जागी येते. एका समेला मोठं करून पापणीवर रिंग बसवायची, चौकट पुन्हा पूर्ण करायची, रिंगला हात न लावता पुढच्या समेची वाट बघायची. मुखडा उचलला की बोट बटणावर. हे जमायला कॅमेऱ्याआधी कान लागतो. पहिल्या रांगेत बसून सेकंदाला वीस फ्रेम उडवणाऱ्या, एका कानात इयरफोन असलेल्या पोरांचा मला मनापासून राग येतो. त्यांचे फोटो धारदार असतात, पण कुठल्या मात्रेवरचे ते त्यांनाच ठाऊक नसतं.

आवाजाचंही तसंच. इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द आहे, आलापीत देणगीच. पण सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे एलईडीखाली चित्रावर पट्टे उमटतात आणि तबलजीची बोटं वाकडी होतात. म्हणून तबला सुरू होईपर्यंत निःशब्द शटर, नंतर मेकॅनिकल. ठेक्यात तो खटका मिसळून जातो. कॅमेऱ्याला लेन्स ओळखता येत नाही, तेव्हा मेन्यूत १०५ भरायला मी विसरत नाही; सेन्सरचं स्टॅबिलायझेशन त्याच आकड्यावर चालतं.

द्रुत तीनताल सुरू झाला की सम दोन-तीन सेकंदांत येते आणि माझी ही युक्ती संपते. मुलीला मी तिची ८५ तेव्हा काढायला सांगतो. मी f/४वर जातो, आयएसओ वाढवतो, आणि रिंग फिरवत राहतो.