छपरांतली कांच

मोटारीच्या छपराला खिडकी हवीच कशाला, हा प्रश्न गाडी घेतांना मीं घरांत विचारला होता. थंड देशांत उन्हाचें कौतुक; अमेरिकेंतील नॅश कंपनीनें १९३७ सालीं आपल्या मोटारींना असें सरकतें छप्पर दिलें, तें तिकडे शोभतें. आपण मात्र चैत्र लागला कीं पडदे ओढून बसणारीं माणसें! पण एकत्र कुटुंबांत मतांची मोजणी होते, आणि तींत मुलांचीं मतें नेहमींच जड भरतात. खिडकीसह गाडी आली. तिला ‘सनरूफ’ म्हणतात, हेंही मुलांनींच मला शिकविलें.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत एके संध्याकाळीं ही कांच अडकली. बटण दाबलें कीं ती अर्ध्यापर्यंत येई, क्षणभर थबके आणि चटका बसल्यासारखी मागें सरके. आभाळ भरून आलें होतें. गाडीवर ताडपत्री घातली आणि रात्रीं पानावर बसल्यावर मीं निकाल देऊन टाकला. माझा दहा वर्षांचा पुतण्या आठवड्यापूर्वींच त्या खिडकींतून डोकें बाहेर काढून उभा राहिला होता व त्याबद्दल माझीं बोलणींही खाऊन चुकला होता. गुन्हेगार शोधण्यास दूर जावें लागलें नाहीं.

“बटणाशीं खेळूं नकोस म्हणून किती वेळां सांगितलें होतें?”

“मीं हात नाहीं लावला, काका.”

“वर आणखी खोटें बोलूं नकोस!”

त्यानें ताकभात संपविला, ताट उचललें आणि तो आंत निघून गेला. दादा कांहीं बोलले नाहींत. वहिनींनीं वाढतां वाढतां एवढेंच विचारलें, “भाऊजी, काय बिघडलंय तें पाहिलंत का तुम्ही?”

मीं पाहिलें नव्हतें.

दुरुस्तीच्या कारखान्यांत आठ दिवसांनंतरची वेळ मिळत होती. पाऊस तोंवर थांबेल अशी चिन्हें नव्हतीं. तेव्हां रविवारीं सकाळीं गाडीबरोबर आलेली पुस्तिका, विजेरी, जुन्या धोतराचीं फडकीं आणि एक मऊ ब्रश घेऊन मी स्वतःच कामास लागलों. प्रथम फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. मोटरचा आवाजही येत होता. म्हणजे विजेचा दोष नव्हता. कांच मागें कां फिरते याचा उलगडा पुस्तिकेंत सांपडला. मिटतांना वाटेंत नेहमींपेक्षां जास्त विरोध झाला, तर कोणाचा हात सांपडला असावा असें धरून ती आपोआप माघार घेते. आमच्या कांचेला कोठें तरी हाताचा भास होत होता.

किल्ली काढून ठेवली व स्टुलावर चढलों. कांचेच्या दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियमचे रूळ असतात. एकच मोटर दोन पीळदार तारा ढकलते आणि त्या तारा कांचेला रुळांवरून नेतात. डाव्या रुळांत बोट फिरविलें तों काळें, चिकट, खरबरीत असें कांहीं हाताला लागलें. धूळ होती, वाळू होती, झाडाच्या काड्या होत्या, आणि या सर्वांना घट्ट धरून ठेवणारें जुनें तेल होतें. बोट नाकाशीं नेलें. खोबरेल! कांच करकरते म्हणून हिवाळ्यांत मीं मोठ्या ऐटीनें वाटीभर ओतलें होतें, तेंच हें.

स्टुलावर थोडा वेळ तसाच उभा राहिलों. मग पुतण्याला हांक मारली. तो आला, पण चार हात दूरच उभा राहिला.

“हें बघ,” मीं बोट पुढें केलें, “हें तेल मीं घातलें होतें. कांच माझ्यामुळें अडकली. तुला उगाच बोललों, खोटाही म्हटलें. चुकलें माझें.”

त्यानें बोटाचा वास घेतला आणि विचारलें, “मग हें जेवतांना सर्वांसमोर सांगाल?”

“सांगेन.”

तेव्हां कोठें त्यानें विजेरी हातांत घेतली. साबणाच्या पाण्यांत भिजवून पिळलेल्या फडक्यानें आम्हीं दोन्ही रूळ पुसले, कोपरे ब्रशानें मोकळे केले, आणि सारें सुकल्यावर सिलिकॉनचें ग्रीस अगदीं पातळ लावलें. खनिज तेलानें रबर फुगतें, म्हणून तें कडेच्या रबराला लागूं द्यावयाचें नसतें. हें छप्पर सगळेंच पाणी अडवीत नाहीं, हेंही त्या दिवशीं कळलें. कडेनें झिरपलेलें पाणी भोंवतालच्या पन्हळींत उतरतें व कोपऱ्यांतील नळ्यांवाटे खांबांच्या आंतून खालीं जातें. पुतण्यानें पुढच्या कोपऱ्यांत पेलाभर पाणी हळूहळू ओतलें. उजवीकडचें चाकाजवळ टपटपलें. डावीकडचें तुंबून राहिलें. तार खुपसली तर नळी फाटते किंवा सांध्यांतून निसटते, म्हणून नायलॉनचा जाड दोरा हलकेच सारला. कुजलेल्या पानांचा लगदा सुटला आणि पाणी वाहूं लागलें. शेवटीं सर्वांचे हात बाजूला आहेत हें पाहून, पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें बटण दाबून धरलें. कांच पूर्ण मिटली, उघडली, पुन्हां मिटली. आपली जागा ती नव्यानें शिकली.

रात्रीं पंगतींत मीं बोललों. शब्द थोडेच होते, पण घशांतून यायला वेळ लागला. त्या कांचेला काडी आणि मुलाचा हात यांतला फरक कळत नाहीं. परंतु शंका येतांच ती मुलाला इजा न व्हावी म्हणून मागें फिरते. मला तो फरक कळत असूनही मी थांबलों नव्हतों.

त्याच आठवड्यांत पाऊस कोसळला. सकाळीं पाहतों तों पुतण्या छत्री घेऊन चाकाशीं वांकलेला.

“काका, दोन्हीकडून पाणी येतंय!”

गाडीच्या आंतल्या गाद्या कोरड्या होत्या.