पाइपातला आवाज

अलिबागच्या खाऱ्या, दमट हवेत प्लायवुडची स्पीकरपेटी फुगते. म्हणून वस्तीतल्या पोरांना हाताशी धरून आम्ही विहारासाठी ४ इंची पीव्हीसी पाइपाचे स्पीकर केले. उघड्या स्पीकरचा मागचा आवाज पुढच्याला मारतो, स्वर पोकळ लागतो. म्हणून हातभर पाइपाच्या तोंडाशी स्पीकर, मागे एंड कॅप, आत जुन्या गादीचा सैल कापूस. वायरचे भोकही एम-सीलने बुजवले.

भाड्याच्या भिंती लावून छाती हादरवण्याची हौस आम्हाला पटत नाही. तेवढ्या भाड्यात पोरांच्या वर्षभराच्या वह्या येतात. आम्हाला मागच्या भिंतीशी बसणाऱ्या म्हाताऱ्या बायांपर्यंत शब्द न् शब्द पोचवायचा होता. रात्री १० नंतर मात्र बंद. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आम्हालाही आहेतच.

परवा वाचन चालू असताना एक आजी म्हणाल्या, “पोरा, जरा हलू कर, मी बहिरी नाय.”