बाविसावा क्रमांक

आपल्या जालना जिल्ह्यांत बर्फाची ओळख बहुधा रसवंतीपुरतीच. गोणपाटांत गुंडाळलेली ती लादी पाहून बर्फावर नृत्य करण्याचा विचार कोणाच्या मनांत यावा? परंतु जेथें बर्फाचीं तळीं नाहींत, अशा दुसऱ्या एका देशांतील मुलानें तो मनांत आणिला. त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडेल असें वाटतें.

दोनोव्हान कारीयो याचा जन्म १९९९ सालीं मेक्सिकोंतील सापोपान येथें झाला. पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर गिरक्या व उड्या घेण्याची कला तो लहानपणींच शिकूं लागला. तो तेरा वर्षांचा असतां तेथील बर्फाचें क्रीडांगण बंद पडलें. तेव्हां घर सोडून तो आपल्या गुरूंसह लेऑन शहरीं गेला. तेथें एका बाजारसंकुलांतील लहानशा पटांगणावर त्यानें अभ्यास चालविला. ऑलिंपिकचें पटांगण ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद असतें. त्याहून लहान जागेंत उडीपुरता वेग घेणें किती अवघड, हें लांब उडी मारणाऱ्या मुलांस सांगावयास नको.

२०२२ सालीं तो बीजिंग ऑलिंपिकमध्यें उतरला. या खेळांत मेक्सिकोचा कोणी खेळाडू ऑलिंपिकला गेल्यास तीस वर्षें लोटलीं होतीं. पहिल्या फेरींत एकोणिसावा येऊन त्यानें अंतिम फेरी गांठली. शेवटीं त्याचा क्रमांक बाविसावा लागला.

आपल्या पुण्याची श्रुति कोतवाल चाकांच्या स्केटवर तयार झाली आणि पुढें बर्फावरील शर्यतींत धांवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून ओळखली गेली. २०१७ सालीं साप्पोरो येथील आशियाई हिवाळी स्पर्धांत ती देशातर्फें धांवली. पदकांच्या यादींत तिचें नांव नाहीं; पण वाट पाडणाऱ्यांच्या यादींत तें आहे.

गेल्या वर्षीं एक पालक मुलीचें नांव शाळेंतून काढावयास आले होते. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीस जात. मुलगी आजीजवळ राहून, भाकऱ्या थापून, शाळेंत येई. तिचा क्रमांक खालचा, एवढेंच वडिलांस दिसत होतें. त्या घरांत सातवीच्या पुढें पूर्वीं कोणी गेलें नव्हतें. मीं त्यांस म्हटलें, “दादा, ती कितवी आली हें पाहतां, तसें कोठून आली हेंहि पाहा.” ते पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग अर्ज घडी करून त्यांनीं खिशांत ठेविला.

प्रगतिपुस्तकावर एकच आंकडा लिहिलेला असतो. दुसरा, म्हणजे चाललेल्या वाटेचा, आपणच मनांत मांडावयाचा असतो. पालकहो, सही करण्यापूर्वीं तेवढा हिशेब अवश्य करावा.