तुकडा कोणता घ्यायचा

बारावीपर्यंत पाठ झालेली गतीची तीन समीकरणे पदवीच्या पहिल्या वर्षी खोटी ठरत नाहीत. ती एका अटीवर खरी होती आणि ती अट पुस्तकात छापलेलीही होती, एवढेच तेव्हा ध्यानात येते. त्वरण स्थिर असेल तरच शेवटचा वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले काळ. नववीपासूनच्या बहुतेक गणितांत त्वरण स्थिरच असल्यामुळे ही अट कोणी वाचत नाही. कॅल्क्युलसवर उभे असलेले भौतिकशास्त्र सुरू होते ते त्वरण बदलू लागते तिथून. वेग हे स्थानाचे विकलन, त्वरण हे वेगाचे विकलन. बल ठाऊक असेल तर उलट्या वाटेने संकलन करत वेगापर्यंत आणि मग स्थानापर्यंत यायचे. पहिल्या सत्रातल्या यांत्रिकीचा सांगाडा बराचसा एवढाच असतो.

विज्ञान शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याला विकलन-संकलन नवे नसते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या गणितात दोन्ही सविस्तर आहेत आणि अकरावीच्या भौतिकशास्त्रातही गणिती पद्धतींचे एक प्रकरण आहे. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात, एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात, कोणत्या संकलनाला कोणते सब्स्टिट्यूशन लागेल हे नुसते फळ्याकडे बघून सांगणारी मुले होती. भौतिकशास्त्राच्या तासाला तीच मुले गप्प होत. संकलन सोडवणे त्यांना जड नव्हते. ते मांडायचे कसे, इथे गाडी अडायची. गणिताच्या तासाला डीएक्स हे शेवटी लिहायचे एक चिन्ह असते, विसरले तर मार्क कापले जातात, याहून त्याचा धाक नसतो. भौतिकशास्त्रात तोच डीएक्स सळईचा एक तुकडा होतो. त्या तुकड्याला वस्तुमान असते, जागा असते, आसापासून अंतर असते. तो तुकडा कोणता घ्यायचा हे ठरवणे हाच या विषयातला खरा अभ्यास. उरलेले काम बारावीच्या गणिताने होऊन जाते.

बदलत्या त्वरणाचे पहिले उदाहरण बहुधा हवेतून किंवा द्रवातून पडणाऱ्या वस्तूचे असते. वस्तुमान गुणिले त्वरण बरोबर वजन वजा विरोध, आणि विरोध वेगाच्या प्रमाणात वाढणारा. शाळकरी सवयीने इथे किमती घालून उत्तर काढता येत नाही, कारण त्वरण काढायला वेग हवा आणि वेग काढायला त्वरण. म्हणून वेगाचे सारे एका बाजूला, काळाचे सारे दुसऱ्या बाजूला करून दोन्हीकडे संकलन करायचे. एकीकडे लॉगॅरिदम येतो आणि तो उलटवला की घातांकी फल मिळते. वेग शून्यापासून वाढतो, वाढ मंदावत जाते आणि वेग एका मर्यादेच्या जवळ सरकत राहतो. ही मर्यादा म्हणजे टर्मिनल व्हेलॉसिटी: वजन भागिले विरोधाचा गुणांक. वस्तुमानाला त्याच गुणांकाने भागले की एक काळ मिळतो. तेवढ्या काळात वेग मर्यादेच्या सुमारे ६३ टक्क्यांपर्यंत पोचतो.

उत्तर आले की वही मिटण्याची घाई होते, पण शिकण्यासारखे पुष्कळसे उत्तरानंतरच असते. हवा नाहीच असे मानले तर जुने समीकरण परत यायला हवे. म्हणून विरोधाच्या गुणांकाच्या जागी शून्य घालावे, तर शून्य भागिले शून्य हाती येते. बरेच विद्यार्थी इथे थांबून उत्तर चुकले असे धरतात. घातांकी फलाची श्रेणी मांडून पहिली दोन पदे ठेवली की गुणांक वर-खाली कटतो आणि वेग बरोबर गुरुत्वत्वरण गुणिले काळ हे ओळखीचे सूत्र उरते. पडायला नुकती सुरुवात झाली असतानाही तेच सूत्र लागू पडते, कारण वेगच नाही तर विरोध कुठला? नववीचे सूत्र असे पदवीच्या सूत्राच्या एका टोकाला बसलेले सापडते. सूत्रांची यादी पाठ करून परीक्षा देत आलेल्या मुलाला हा प्रकार आधी गैरसोयीचा वाटतो. सूत्रे सुटी नसून एकमेकांतून निघतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पावसाचा थेंब मात्र या समीकरणाने पडत नाही, हे पाठ्यपुस्तकांनी जरा ठळक सांगायला हवे. हवा नसती तर १ किलोमीटर उंचीवरून निघालेला थेंब सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वेगाने डोक्यावर आदळला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला ९ मीटरच्या आसपास येऊन थांबतो, आणि त्याच्यावरचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेगाच्या साध्या प्रमाणातला विरोध खरा ठरतो तो दाट द्रवात सावकाश बुडणाऱ्या गोळीसाठी. प्रयोगशाळेत एरंडेलाच्या उंच नळीत छर्रे सोडून स्निग्धता काढतात, तो प्रयोग याच समीकरणाचा. तिथे वरची खूण द्रवाच्या पृष्ठभागापासून काही सेंटिमीटर खाली करतात आणि ‘वेग स्थिर व्हावा म्हणून’ असे जर्नलमध्ये लिहितात. वर्गातले सूत्र लावून पाहिले तर २ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी छर्‍याला एरंडेलात स्थिर वेग गाठायला सेकंदाचे काही सहस्रांश पुरतात. तेवढ्यात तो मिलिमीटरभरही खाली गेलेला नसतो. नंतरचा प्रवास सेकंदाला दीड-दोन सेंटिमीटरच्या चालीने. खूण फार वर केली म्हणून प्रयोग बिघडेल ही भीती फुकट असते. पण हा हिशोब क्वचितच कोणी करतो, कारण प्रॅक्टिकल सोमवारी असते आणि लेक्चर गुरुवारी, आणि दोन्हीच्या वह्याही वेगळ्या.

यांत्रिकीचा दुसरा मोठा भाग म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया. तुकड्याचा प्रश्न इथे उघडा पडतो. बारीक सळईचा तुकडा सोपा: लांबीचा एक कण, त्याचे वस्तुमान लांबीच्या प्रमाणात. मध्यातून जाणाऱ्या आसाभोवती एक बारांश, टोकाच्या आसाभोवती एक तृतीयांश, आणि दोन्हीला वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग. चकतीला मात्र कसेही कापून चालत नाही. तिचे पातळ कडे घ्यायचे, कारण कड्यावरचा प्रत्येक कण आसापासून सारख्याच अंतरावर असतो. कड्याचे क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले जाडी. कांदा आडवा चिरला की चकत्या निघतात आणि सोलला की पापुद्रे. आस कुठे आहे ते पाहून सुरी कशी धरायची ते ठरते.

भरीव गोलाच्या वेळी निम्मा वर्ग फसतो. गोलाच्या चकत्या करायच्या हे सुचते, पण प्रत्येक चकतीसाठी तिच्या त्रिज्येचा वर्ग गुणिले वस्तुमान असे लिहिले जाते. तसे लिहिणे म्हणजे चकतीचे सारे वजन कडेला नेऊन ठेवणे. चकतीचा वाटा त्याच्या निम्मा असतो, आणि हे आधीच्याच पानावर सिद्ध केलेले असते. बरोबर उत्तर दोन पंचमांश. चुकीच्या मांडणीने चार पंचमांश येते. चूक पकडायला मागचे पान उघडण्याचीही गरज नाही. त्याच त्रिज्येच्या पोकळ गोलाचा गुणक दोन तृतीयांश आहे, आणि पोकळ गोलात सारे वस्तुमान बाहेर असते. भरीव गोल त्याच्या पुढे जाणे शक्यच नाही. अशी पडताळणी करण्याची सवय पहिल्या वर्षात लागली तर विषय आला म्हणावे, मग मार्क काहीही पडोत. या गुणकांचा खरेपणा उतरत्या फळीवर दिसतो. गोटी, चकती आणि कडे एकदम सोडले तर गोटी पहिली येते, कडे शेवटचे. न घसरता गडगडणाऱ्या वस्तूंचे त्वरण, विनाघर्षण घसरणाऱ्या ठोकळ्याच्या तुलनेत, अनुक्रमे पाच सप्तमांश, दोन तृतीयांश आणि निम्मे असते. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही कटून जातात.

परीक्षेत मात्र डेरिव्हेशन विचारतात. ‘मोमेंट ऑफ इनर्शिया काढा’ या प्रश्नाचे उत्तर ओळीने ओळ पाठ करता येते. पाठ केलेल्या उत्तरात कडे का घेतले हा निर्णय दिसतच नाही, तो पुस्तकाने घेऊन टाकलेला असतो. हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ साली बलाच्या कल्पना तपासणारी एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही. हार्वर्डमध्ये एरिक मझुर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अशाच प्रश्नांनी तपासले, तेव्हा अवघड गणिते सोडवणारे विद्यार्थी साध्या प्रश्नांवर अडखळले. मोठा ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावते, हा त्या प्रकारचा प्रश्न. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी ट्रककडे बोट जाते.

पुस्तकांचीही दोन कुळे आहेत. एका कुळात डेरिव्हेशन संपूर्ण आणि सुबक छापलेले असते. परीक्षेच्या आदल्या रात्री तेच कामी येते. दुसऱ्या कुळाचे मूळपुरुष रेस्निक आणि हॅलिडे. त्यांचे पुस्तक १९६० साली आले आणि त्यात प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न हाच खरा मजकूर आहे. क्लेपनर आणि कोलेंको यांचे १९७३ सालचे यांत्रिकीचे पुस्तक याच वाटेचे, पण पुष्कळ खडतर. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या कुळाचे पुस्तक मिटून, त्यातलेच डेरिव्हेशन कोऱ्या कागदावर आकृतीपासून सुरू करणे हा स्वस्तातला आणि उत्तम अभ्यास आहे. ज्या ओळीवर पेन थांबते ती ओळ बहुतेक वेळा संकलनाच्या आधीची असते.

दुसऱ्या सत्रात विद्युत येते आणि तुकड्यांना दिशा मिळते. विद्युतभारित सळईच्या लंबदुभाजकावरचे क्षेत्र काढताना प्रत्येक तुकड्याचा वाटा वेगळ्या दिशेला असतो. सळईला समांतर घटक जोडीजोडीने एकमेकांना खोडतात आणि लंब घटकच उरतात. खोडाखोड आधी ओळखली तर एक संकलन वाचते. याच सुमारास गाउसचा नियम आणि त्याचे बंदिस्त पृष्ठावरचे संकलन फळ्यावर येते. गणिताच्या वर्गात सदिशांचे कॅल्क्युलस अजून सुरूही झालेले नसते, त्यामुळे धडकी भरते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी ते संकलन करावे लागत नाही. गोल, लांबच लांब दंडगोल आणि अमर्याद सपाट पत्रा या आकारांत क्षेत्र पृष्ठभर सारखे असते किंवा पृष्ठाला समांतर असते, म्हणून सारे संकलन क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ एवढ्यावर येते. नियम कोणत्याही बंदिस्त पृष्ठाला खरा आहे. क्षेत्र काढायला तो उपयोगी पडतो तो सममिती असेल तेव्हाच. आखूड सळईला तो लावून पाहणारे विद्यार्थी दरवर्षी असतात.

गणित आणि भौतिकशास्त्र यांची ही मागेपुढे होणारी चाल जुनीच आहे. लायब्निझने विकलनाची चिन्हे १६८४ साली छापली. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ चा, पण तो भूमितीच्या भाषेत लिहिलेला आहे. यांत्रिकी पद्धतशीरपणे कॅल्क्युलसमध्ये मांडली ती ऑयलरने, १७३६ च्या ग्रंथात. आजचा विद्यार्थी न्यूटनचे नियम ज्या रूपात शिकतो ते रूप त्यामुळे बरेचसे न्यूटननंतरचे आहे.

पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसची हद्द लंबकापाशी दिसते. साध्या लंबकाचे समीकरण मांडताना कोनाच्या साइनऐवजी कोनच लिहितात, आणि मग दोलनकाल झोक्याच्या कोनावर अवलंबून राहत नाही. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात कोन लहान ठेवा अशी सूचना असते. ५ अंशांच्या झोक्याला या सवलतीने होणारी चूक ०.०५ टक्के, म्हणजे स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाच्या चुकीपुढे काहीच नाही. ६० अंशांना दोलनकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. साइन तसाच ठेवला तर संकलन मांडता येते, पण ओळखीच्या फलांत सोडवता येत नाही. तिथून पुढे श्रेणी मांडून हवी तितकी पदे घ्यायची, नाहीतर काळाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात त्वरण स्थिर मानायचे आणि नववीचेच समीकरण संगणकाकडून हजारो वेळा चालवून घ्यायचे.