मेल्तेमीशी पंगा नको!

ग्रीसची बेटं, चाळीस फुटी शिडाची बोट आणि कॉलेजची जुनी गँग... प्लॅन एकदम परफेक्ट होता. फक्त वाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट आणि खाली त्याहून निळा समुद्र. ऑफिसातल्या निम्म्या कम्प्युटर्सवर हाच वॉलपेपर असतो. पण त्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही, आणि ती म्हणजे वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात शिडाची बोट घेऊन गेलात, तर ट्रिपचा खरा हीरो तोच असतो. मूड असेल तर हीरो, नाहीतर थेट व्हिलन.

या वाऱ्याचं नाव मेल्तेमी. प्राचीन ग्रीक त्याला एतेसियन म्हणायचे, म्हणजे दरवर्षी येणारा. हा उत्तरेकडून येतो, एकदा सुरू झाला की कधी तीन दिवस तर कधी आठवडाभर मुक्काम ठोकतो, आणि येताना कसलीही वर्दी देत नाही. आपल्या मुंबईकर डोक्यात एक समीकरण फिट बसलेलं असतं. वादळ म्हणजे काळे ढग, गडगडाट, भरून आलेलं आभाळ. इथे आभाळ लख्ख निळं, ऊन सोनेरी, टॅनिंगला एकदम आयडियल. आणि त्याच वेळी समुद्रावर ताशी पन्नास-साठ किलोमीटरने वारा सुटलेला!

क्रू नंबर वन

आम्ही पाच जण. कॉलेज संपल्यावर पांगलेली गँग गेल्या जुलैत कित्येक वर्षांनी एकत्र आली, ती थेट अथेन्सजवळच्या लाव्रिओ बंदरात. आमच्यातली एक सध्या इंग्लंडमध्ये नोकरी करते. वीकेंडला बोटी चालवायला शिकत शिकत तिने स्किपरचं लायसन्स काढलं. म्हणून ती कॅप्टन. तिचा नवरा तिचा उजवा हात. ग्रीसमध्ये बोट भाड्याने घ्यायची तर लायसन्सवाल्या स्किपरबरोबर बोट कळणारा आणखी एक जण लागतो, तो हा. बाकीचे आम्ही तिघे म्हणजे निव्वळ वजन. मुरुडचा बँकवाला, सोमवारी क्लायंटसमोर मोठी पिच असलेली अॅडवाली आणि अस्मादिक.

लाव्रिओ दिसायला साधं गाव, पण इतिहास सॉलिड. इथल्या खाणींतल्या चांदीच्या पैशावर अथेन्सने आपलं आरमार उभारलं आणि त्याच आरमाराने इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या लढाईत पर्शियनांना पाणी पाजलं. शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात आली. तीन केबिन, दोन टॉयलेट, एवढंसं किचन. कॅप्टनने तासभर क्लास घेतला. लाइफजॅकेट कुठे, गॅस कसा बंद करायचा, दोर हाताला गुंडाळून का धरायचा नाही. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," ती म्हणाली, "बोटीवर लोकशाही नसते." तेव्हा आम्ही सगळे खो खो हसलो.

केआ, किथनोस आणि गरम पाणी

आम्ही निघालो होतो ते सायक्लेड्स बेटांकडे. दोनशेहून जास्त बेटं, पण वस्ती त्यातल्या पंचवीसेकांवरच. रविवारी पहिला टप्पा केआ, जेमतेम पंधरा सागरी मैल. वारा गोडीगुलाबीत. शिडं वर गेली, इंजिन बंद झालं आणि अचानक जी शांतता पसरली ना, तिचं वर्णन करणं कठीण आहे. फक्त पाण्याचा सळसळाट. बँकवाला म्हणाला, "यार, मोबाइल सायलेंटवर टाकल्यासारखं वाटतंय सगळं."

केआच्या याच समुद्रात २१ नोव्हेंबर १९१६ रोजी टायटॅनिकची धाकटी बहीण ब्रिटॅनिक पाणसुरुंगामुळे बुडाली. तेव्हा ती हॉस्पिटल शिप होती. तीस जण गेले, हजारावर वाचले. ती आजही तिथेच, सुमारे १२० मीटर खोल पाण्यात आडवी पडलीय. केआची आणखी एक ओळख म्हणजे मेल्तेमीची जन्मकथा. बेटावर भयंकर उष्मा आणि रोगराई पसरली तेव्हा अरिस्तायसने इथे व्याधाच्या ताऱ्यासाठी आणि झ्यूससाठी यज्ञ केला, आणि झ्यूसने चाळीस दिवस गार वारा पाठवला, अशी ती पुराणकथा. म्हणजे हा वारा मुळात वरदान म्हणून आला. उकाड्याने हैराण माणसाला तो वरदानच वाटतो. प्रॉब्लेम होतो तो बोटवाल्यांचा.

सोमवारी किथनोस. लुत्रा नावाच्या छोट्या बंदरात गरम पाण्याचे झरे थेट समुद्राला मिळतात. किनाऱ्यावर दगड रचून केलेलं डबकं, त्यात एका बाजूने कढत पाणी, दुसऱ्या बाजूने थंडगार लाट. वज्रेश्वरी आणि अलिबाग एकाच टबात! रात्री धक्क्यावरच्या टॅव्हर्नात तळलेलं चीज, टोमॅटोची भजी आणि ग्रिल केलेला ऑक्टोपस. बिल बघून कुणालाही चक्कर आली नाही.

बोट लावणं मात्र एक प्रकरण असतं. इथे धक्क्याला बोट आडवी लावत नाहीत. आधी नांगर टाकायचा, मग रिव्हर्समध्ये शेपटीकडून धक्क्याला यायचं. आजूबाजूच्या बोटींवरचे सगळे हातात ग्लास घेऊन हा फुकटचा शो बघत बसतात. पुण्यातलं पॅरलल पार्किंग यापुढे बालवाडी.

वारा उठला

मंगळवारी सिरोसकडे निघालो आणि दुपारपर्यंत मीटरवरचा आकडा १२ नॉटवरून २४ वर गेला. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. आकडा फक्त दुप्पट झाला, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर शिडावरचा दाब चौपट. बोट एका कुशीवर कलली, किचनमधल्या प्लेट्स खणखणायला लागल्या आणि बँकवाल्याचा चेहरा फेट्या चीजसारखा पांढराफटक पडला. कॅप्टनने शीड आखूड करायला लावलं. याला रीफ घेणं म्हणतात. शिडाचा एक भाग गुंडाळायचा, वाऱ्याला कमी कापड द्यायचं. गंमत म्हणजे बोट हळू झाली नाही, उलट सरळ होऊन जास्त नीट पळायला लागली.

सिरोसच्या नैर्ऋत्येला फिनिकासची खाडी आहे. उत्तरेच्या वाऱ्यापासून चांगला आडोसा. तिथे नांगर पडला आणि रात्री जेवताना ठिणगी पडली.

ओरिजिनल प्लॅनमध्ये बुधवारी मायकोनोस होतं. अॅडवालीचं सहा महिन्यांचं स्वप्न. बीच, पार्टी, शॉपिंग आणि शेजारी डेलोस, अपोलोचं जन्मस्थान. कॅप्टनने फोनवर वाऱ्याचा अंदाज दाखवला. बुधवारी बोफोर्ट ७, गुरुवारी ८, शुक्रवारी पहाटे थोडी उसंत. बोट परत द्यायची ती शुक्रवारी संध्याकाळी. "मायकोनोस कॅन्सल," ती म्हणाली.

"अगं पण ऊन पडलंय की लख्ख!"

"तेच तर. इथे उन्हावर जायचं नसतं. तिनोस आणि मायकोनोसच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वारा नरसाळ्यातून आल्यासारखा येतो. आणि पूर्वेला गेलेला प्रत्येक मैल पुन्हा पश्चिमेला कमवायचाय."

"एवढे पैसे भरले ते बंदरात बसायला?"

बोलणं वाढत गेलं. जुन्या मित्रांची भांडणं वाईट, कारण कुणाचा कुठला मर्मबिंदू हे सगळ्यांना पाठ असतं. तू कॉलेजपासून अशीच, सगळ्यांवर दादागिरी करणारी, इथपर्यंत गाडी गेली. कॅप्टनचे डोळे भरले, पण ती हलली नाही. शेवटी आजारी बँकवाला कोपऱ्यातून बोलला, "आमच्या मुरुडला नारळी पौर्णिमेआधी कुणी होडी पाण्यात घालत नाही. ते काय घाबरट आहेत का?"

टेबल गप्प झालं.

अडकलो, पण कुठे!

बुधवारी सकाळी डोलकाठ्यांमधून वारा अक्षरशः शिट्ट्या मारत होता. अॅडवालीने तोवर हिशेब केला होता. शुक्रवारी उसंत मिळाली नाही तर फ्लाइट चुकणार, आणि सोमवारची पिच बुडणार. गुरुवारी वारा आणखी वाढला तर मोठ्या फेऱ्याही थांबतील. ग्रीसमध्ये बोफोर्ट ८ च्या आसपास पोर्ट अथॉरिटी फेऱ्यांना बंदरातून सुटू देत नाही. मग तिने दुपारची मोठी फेरी पकडून पिरेयस गाठायचं ठरवलं. तिला सोडायला आम्ही सगळे एर्मूपोलीला गेलो. निघताना तिने आणि कॅप्टनने एकमेकींना मिठी मारली, पण दोघी काहीच बोलल्या नाहीत.

एर्मूपोली म्हणजे सायक्लेड्सची राजधानी, आणि वॉलपेपरवाल्या ग्रीसपेक्षा एकदम वेगळी. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात किओस, प्सारा अशा बेटांवरून पळून आलेल्या निर्वासितांनी हे शहर वसवलं आणि काही दशकांत ते ग्रीसचं सर्वांत बिझी बंदर झालं. पुढे पिरेयस मोठं झालं आणि हे मागे पडलं. पण संगमरवरी रस्ते, भव्य टाउन हॉल आणि १८६४ चं अपोलो थिएटर अजून दिमाखात उभं आहे. एका टेकडीवर कॅथलिकांचं जुनं आनो सिरोस, शेजारच्या टेकडीवर ऑर्थोडॉक्स चर्च. रेबेतिको संगीताचा बाप मार्कोस वाम्वाकारिस १९०५ मध्ये याच आनो सिरोसमध्ये जन्मला. गुलाबाच्या वासाचे लुकूमी खात, गल्ल्यांमध्ये भटकत दोन दिवस कसे गेले कळलंच नाही. ठरवून आलो असतो तर या शहराला दोन तास दिले असते.

गुरुवारी खरोखरच फेऱ्या बंद झाल्या. घरी फोन केला तर आई म्हणाली, "इथे तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. तिकडे बरंय ना?" आता यातला फंडा ऐका. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो पश्चिमेला पार तुर्कस्तानपर्यंत पसरतो. बाल्कन देशांवर त्याच वेळी जास्त दाब असतो. हवा तिकडून इकडे धावते आणि मेल्तेमी सुटतो. म्हणजे आईच्या खिडकीवर आपटणारा पाऊस आणि आमची बोट हलवणारा वारा, दोघं सख्खे नसले तरी चुलत भाऊ! दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापाऱ्यांना याचा अंदाज होता. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक मार्गदर्शिकेत म्हटलंय, की आपल्याकडे एतेसियन वाहतात तेव्हाच भारताच्या समुद्रात नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो. त्याच पुस्तकात सोपारा आणि कल्याण या बंदरांचीही नावं आहेत. होय, तेच कल्याण, जिथे आपण फास्ट लोकलसाठी जिवाचा आटापिटा करतो.

पहाटे चार वाजता

शुक्रवारी चारला अलार्म. काळोख, गार हवा, मीटरवर १८ नॉट. कॅप्टनने निघण्याआधीच शीड आखूड करून घेतलं. सगळ्यांना लाइफजॅकेट आणि हार्नेस, हार्नेसचा पट्टा बोटीला क्लिप. लाव्रिओ ४३ मैल, सात-आठ तासांचं काम.

उजाडल्यावर केआ आणि किथनोसच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात शिरलो आणि वाऱ्याने उसंत संपल्याचं जाहीर केलं. २५, २८, मग ३२. उजवीकडून येणाऱ्या लाटा डेकवरून आरपार जात होत्या. तोंडात मीठ, डोळ्यांत मीठ. कॅप्टनचा नवरा खाली दोर सोडवत होता, आणि तिने सुकाणू माझ्या हातात दिलं. "आकड्याकडे बघू नको. पुढची लाट बघ. शिडाचा आवाज ऐक. फडफडलं तर थोडं डावीकडे." बस्स. अर्धा तास मी जगातल्या कुठल्याही गोष्टीचा विचार केला नाही. डेडलाइन नाही, ईएमआय नाही. फक्त पुढची लाट. भीती होती, चिक्कार होती, पण तिला बसायला जागाच नव्हती.

मग मॅक्रोनिसोस आलं. यादवी युद्धाच्या काळात डाव्या विचारांच्या हजारो ग्रीकांना इथे कैदेत ठेवलं होतं. उजाड, झाडाविना. त्याच्या दक्षिण टोकाला वळसा घालताना लांबवर सूनियोनच्या कड्यावरचं पोसायडनचं देऊळ दिसलं. दंतकथा सांगते, की थीसियस विजयी होऊन परतताना काळं शीड उतरवून पांढरं चढवायला विसरला, आणि मुलगा मेला असं समजून राजा एजियसने याच कड्यावरून उडी घेतली. समुद्राला एजियन नाव पडलं ते त्याच्यावरून.

दुपारी साडेबाराला दोर धक्क्यावर पडले. धक्क्यावर एक ओळखीची सनहॅट उभी होती. अॅडवाली अथेन्सहून बसने आली होती. हातात पाच गार कॉफ्या, त्यातली पहिली तिने कॅप्टनला दिली. म्हणाली, "मायकोनोस पुढच्या वर्षी. सप्टेंबरमध्ये. तू म्हणशील त्या दिवशी."

जायचंय? मग हे वाचा

कधी : मेल्तेमीचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये. पहिल्यांदाच जात असाल तर मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध बरा. वारा नकोच असेल तर सायक्लेड्सऐवजी पश्चिमेची आयोनियन बेटं गाठा.

बोट : लायसन्सवालं कुणी नसेल तर स्किपरसकट बोट मिळते. शेजारी बसून शिकताही येतं.

सामान : चाकांची कडक बॅग नको, बोटीत ठेवायला जागा नसते. घडी होणारी सॅक, विंडचीटर आणि मळमळीच्या गोळ्या. गोळी निघायच्या आधी घ्यायची, पोट ढवळल्यावर नाही.

व्हिसा : शेंगेन. अपॉइंटमेंटसाठी हातात भरपूर वेळ ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं : लांबचं बेट आठवड्याच्या पहिल्या अर्ध्यात करा, परतीसाठी दोन दिवस मोकळे ठेवा, आणि फ्लाइटच्या दुसऱ्याच दिवशी मीटिंग लावू नका. मेल्तेमी तुमचं कॅलेंडर बघत नाही.