आईंचा पदर

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी असते. गेल्या आठवड्यात अशा चार संध्याकाळी मी सासूबाईंचा फोटो कापत बसले होते. कात्रीने नव्हे हो, कॉम्प्युटरवर!

नातीच्या लग्नपत्रिकेवर आईंचा फोटो हवा होता. त्यांचा धड असा एकच आहे. मागे चुन्याची भिंत, अंगावर पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. पत्रिका फिकट पिवळी. भिंतीसकट फोटो लावला तर मधेच पांढरा चौकोन दिसतो, म्हणून मागची बाजू पारदर्शक करायची. मुलाने जिम्प नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. ते फुकट मिळतं.

जेपीजी फोटोत पारदर्शकतेची सोयच नसते. म्हणून आधी लेयरला अल्फा चॅनेल जोडायचा. प्रत्येक ठिपक्याच्या नावावर एक जादा आकडा येतो. ० असेल तर ठिपका दिसत नाही, २५५ असेल तर पूर्ण दिसतो. मग फझी सिलेक्टने भिंतीवर क्लिक केलं की लगतचे तशाच रंगाचे ठिपके निवडले जातात. डिलीट दाबलं की तिथे राखाडी चौकटी दिसतात. त्या छापल्या जात नाहीत, इथे आता काही नाही एवढंच सांगतात.

मी खूश. फोटो पत्रिकेवर बसवला, छान दिसला. पीएनजी करून नणंदबाईंनाही पाठवला. पाचच मिनिटांत फोन.

"वहिनी, आईच्या डोक्यावरचा पदर कुठं गेला हो?"

त्यांच्या मोबाइलवर फोटोच्या मागे काळं दिसत होतं. भिंत पांढरी, पदरही पांढरा, सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच. त्याने भिंतीबरोबर पदरही उडवला होता, आणि पत्रिकेच्या फिकट रंगावर मला ते कळलंही नव्हतं. ज्या बाईचा पदर मी एवढ्या वर्षांत कधी ढळलेला पाहिला नाही, तिला मी उघड्या डोक्याने पत्रिकेवर छापणार होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने लेयर मास्क दाखवला. मास्कवर काळा ब्रश फिरवला की भाग झाकतो, पांढरा फिरवला की परत दिसतो, आणि मूळ फोटोला धक्का लागत नाही. हे मला लगेच पटलं. बी.कॉम.ला शिकवलंच होतं, चुकलेली नोंद खोडायची नाही, दुरुस्तीची नोंद करायची! केसांच्या कडेला मऊ ब्रश घ्यायचा. मास्कवर राखाडी रंग पडला की तिथे अर्धवट पारदर्शक होतं, कड कापल्यासारखी दिसत नाही.

पण पदराची कड? कितीही मोठं करून पाहिलं तरी पांढऱ्यावर पांढरं, भिंत कुठे संपते ते कळेना. शेवटी नणंदबाई स्वतःच आल्या. शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि स्क्रीनवर बोट ठेवून सांगू लागल्या, "इथून डाव्या कानामागून खाली यायचा. नाही, एवढा ताठ नको, आई जरा सैल घ्यायची." त्यांचं बोट फिरेल तसा मी ब्रश फिरवत गेले. मधेच त्या डोळे पुसायला उठल्या, मी चहा टाकला.

पत्रिका छापायला गेली आहे. प्रेसवाल्याने जेपीजी मागितली होती, मी नाही दिली. पुन्हा मागे पांढरा चौकोन आला असता.